एक कॉम्प्युटर, दोन बिऱ्हाडं

वन्सं खरं तर एकट्या वहिनीच्या वन्सं. पण वहिनी सकाळपासून "वन्सं, चहा झाला", "वन्सं, पंखा बंद करा" असा घोष लावायची, तो ऐकून दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळी इमारतच त्यांना वन्सं म्हणू लागली. नाकाच्या शेंड्यावर राग, जिभेला धार, पण कामाला वाघ. लोकांची रेकॉर्ड केलेली भाषणं ऐकून टाइप करून देणं हा त्यांचा उद्योग. कानाला हेडफोन आणि तोंडाने वक्त्याचा उद्धार: "अरे मेल्या, ते वाक्य पुरं कर की आधी!"

वन्संनी लग्न केलं नाही. वहिनीचा नवरा, म्हणजे वन्संचा भाऊ, लवकर गेला. तेव्हापासून नणंद-भावजय एका घरात आणि एकाच कॉम्प्युटरवर. वहिनी त्यावर विणकामाचे नमुने तयार करून विकायची. वन्संच्या भाषणावर तिची नक्षी पसरायची, ती बंद करून वन्सं परत भाषण उघडायच्या, आणि मग जी जुंपायची, विचारू नका.

शेवटी सुट्टीला आलेल्या वहिनीच्या लेकीने डोक्याला हात लावला आणि कॉम्प्युटरवर दोन वेगळे डेस्कटॉप करून दिले. तीन बटणं एकदम दाबली की एकीचा पसारा सरकायचा आणि दुसरीचा समोर यायचा. दोन्हींना नावंही देता यायची. वन्संनी आपल्याला नाव दिलं 'काम' आणि वहिनीच्याला 'टाइमपास'. दुपारी येऊन बघतात तर 'काम' पुसून तिथे 'खडूस' लिहिलेलं! वन्सं इतक्या हसल्या की हेडफोन गळ्यात आला.

असं छान चाललं होतं, आणि लेकीचा फोन आला. "आई, आता इकडेच ये राहायला. कायमची."

वहिनीने विचारलं, "वन्सं, काय करू?"

आता इथे "राहा" एवढंच म्हणायचं होतं. पण वन्संच त्या! "जा की. माझं काय अडलंय?" म्हणाल्या आणि हेडफोन चढवला. त्यात काहीच चालू नव्हतं.

झालं, अबोला सुरू. जे काही बोलणं व्हायचं ते डेस्कटॉपच्या नावांतून. वन्संच्या डेस्कटॉपचं नाव एकदम 'गॅस बंद केला का' असं व्हायचं. मग वन्सं वहिनीच्या डेस्कटॉपला 'केला' असं नाव देऊन ठेवायच्या. एकदा 'औषध घ्या' आलं. वन्संनी निमूट घेतलं, पण 'घेतलं' मात्र रागारागाने टाइप केलं.

एके दुपारी वहिनी आत आडवी झाली होती. वन्संना राहवेना. बटणं दाबून पलीकडे डोकावल्या, तर पडद्यावर प्रवासाच्या बॅगा! चांगल्या मोठ्या, चाकांच्या. वन्संच्या अंगाचा तिळपापड झाला. "चाललीच आहेस ना? मग घे, तुझं बिऱ्हाड आत्ताच हलवते!" म्हणत त्यांनी वहिनीच्या डेस्कटॉपची फुली दाबली.

कर्म माझं! डेस्कटॉप मिटला, पण त्याच्या सगळ्या खिडक्या धडाधड वन्संच्या डेस्कटॉपवर येऊन पडल्या. नक्ष्या, लोकरीचे रंग, त्या मेल्या बॅगा, आणि सगळ्यांच्या खाली गुडघेदुखीचे व्यायाम. वहिनीचे गुडघे ठणठणीत होते. दुखत होते ते वन्संचे. अबोल्यातही ही बया आपल्यासाठी व्यायाम शोधत बसली होती! वन्संचे डोळे भरून आले. ही गेली तर भांडायचं कुणाशी? घर नुसतं खायला उठेल. राग कसला, भीती वाटत होती त्यांना.

आतून कॉट करकरली. वन्संची त्रेधा उडाली. घाईघाईने नवा डेस्कटॉप केला, एकेक खिडकी ओढून पलीकडे नेली, बॅगांसकट. आता नाव द्यायचं राहिलं. 'टाइमपास' लिहवेना. बोटं जरा घुटमळली आणि मग त्यांनी लिहून टाकलं: 'जाऊ नकोस'. लिहिलं आणि पिशवी उचलून भाजीला पळाल्या.

परत आल्या तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात होती. वन्संनी तडक जाऊन पडदा बघितला. 'जाऊ नकोस' जागच्या जागी होतं. त्यांच्या स्वतःच्या डेस्कटॉपचं नाव मात्र बदललं होतं: 'तोंडाने सांगा'.

"अगं बाई!" वन्सं मटकन खुर्चीत बसल्या. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं लिहिलं, आणि स्वतःचे दोन शब्द जिभेवर येईनात. शेवटी उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. भाजीची पिशवी हातातच होती.

"वहिनी."

"ऐकतेय."

"जाऊ नकोस गं. मला तुझ्याशिवाय करमायचं नाही."

वहिनी पाठमोरीच होती. पुसलेलं भांडं तिने परत पुसलं. "लेक रोज 'ये' म्हणते, वन्सं. तुम्ही एकदा तरी 'राहा' म्हणालात? मला वाटलं, माझी अडगळच झालीय तुम्हाला."

"अडगळ? तुझी?" वन्सं तरातरा आत आल्या. वहिनीने वळून त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"राहते मी. लेकीला सांगते, सुट्टीत येऊन भेटून जाऊ म्हणून. बॅग मात्र मोठीच घ्यायची. दोघींचे कपडे मावायला हवेत."

वन्संनी पदराने नाक पुसलं. "ते बघू नंतर. आधी माझं 'खडूस' परत लिही."