बाभळीचा भूकंप

रत्नम्माला लातुरात येऊन पाच वर्षं झाली, तरी ती ग्लास टेबलावर ठेवायची आणि आधी पाणी बघायची. पाणी गप्प असलं की मगच बोलायची. किल्लारीत पावसाळ्यात जळतन कोरडं राहावं म्हणून तिनं ते स्वतःच्या हातानं आढ्याखालच्या माळ्यावर रचलं होतं. भूकंपाच्या त्या पहाटे माळा, माती, दगड सगळं एकदम खाली आलं. नवरा त्याखालीच राहिला.

आता तिच्या दोन खोल्यांतल्या एका खोलीत साक्षी भाड्यानं राहायची. इस्लापूरची, बारावीची, क्लासला आलेली. दुसऱ्या दोघी पोरी गेल्या होत्या. थंडीत पहाटे पाचला कढत पाणी नाही, आणि मावशी झोपेतून हलवून उठवते, "हाललं का ग?" म्हणून. साक्षीही गेली तर घर रिकामं. रिकाम्या घरात रत्नम्माला झोप यायची न्हाई, तिथं कुणाचा तरी श्वास लागायचा.

आणि आज साक्षीचे वडील शेषेराव खोली बघायला येणार होते.

म्हणून सकाळपासून तिनं न्हाणीजवळच्या चुलीला नवं लिंपण दिलं, बंबाची राख काढली. शिवमूर्ती लाकूडवाला बाभळीची गाडी घेऊन आला. आभाळ भरून आलं होतं.

"अक्का, पोरीच्या खोलीतल्या माळ्यावर टाकतो. भिजायचं न्हाई."

"डोक्यावर वजन न्हाई!"

"अव्ह, शिमीटाचा माळा हाय, किल्लारीचा न्हाई!"

"न्हाई म्हणले न्हाई."

"हाव बाई, तुमचं घर, तुमचं जळतन," म्हणत त्यानं सगळी लाकडं कुंपणाच्या पत्र्याला टेकवून छातीइतकी रचली.

शेषेराव आले. बाजेवर बसले, चहा घेतला. साक्षी दारात उभी राहून क्लासच्या सरांची नक्कल करत होती, "समजलं? न्हाई समजलं? पुन्हा!" वडील हसले न्हाईत. त्यांचं लक्ष बंबाकडं होतं.

"पाणी तापतं का येळेवर?"

"तापतं की," रत्नम्मा म्हणाली, आणि तेवढ्यात पत्रा गडगडला.

"हालतंय! भायेर!"

तिनं एका हातानं साक्षीचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं शेषेरावांच्या धोतराचा सोगा, आणि दोघांना फरफटत गल्लीत आणलं. तिच्या आरोळीनं अख्खी गल्ली बाहेर. कुणाच्या तोंडाला साबण, कुणाच्या हातात लाटणं.

कुंपणाशी लाकडं पसरली होती. पैशांसाठी थांबलेला शिवमूर्ती हसू आवरत ओरडला, "अक्का, भूकंप न्हाई, बाभूळ हाय! बाभूळ!"

गल्ली खो खो हसली. संपलं. आता हा माणूस पोरीची पेटी उचलणार.

शेषेरावांच्या एका पायात चप्पल नव्हती, हातात रिकामी कपबशी. ते साक्षीच्या मनगटाकडं बघत होते. रत्नम्माची बोटं अजून तिथंच रुतलेली.

"सोडा अक्का," ते हळूच म्हणाले, "थांबलं आता."

थांबलं. जणू खरंच हाललं होतं. रत्नम्माचा हात सुटला.

मग त्यांनी टोपी खिशात घातली आणि एक ओंडका उचलला. "गुडघ्याच्या वर रचायचं न्हाई. पण मग जागा लई लागंल. पाऊस येऊन राहिला. आत कुठं हाय जागा?"

"माझ्या खोलीत," रत्नम्मा म्हणाली.

"मग तुम्ही कुठं निजणार?"

"माझ्या खोलीत," साक्षी म्हणाली.

"मी घोरते ग."

"समजलं. पुन्हा सांगू नका!"

पहिले थेंब पडेस्तोवर लाकडं आत गेली. रत्नम्माची बाज साक्षीच्या बाजेशेजारी लागली. रात्री ती आडवी झाली, माळ्याकडं बघितलं. तो रिकामा होता. मग छताच्या मधोमध बघितलं आणि ताडकन उठून बसली.

"साक्षे! ते वर हालून राहिलंय बघ!"

"मावशी, पंखा हाय त्यो. मीच लावलाय."