पदकावर माझं नाव, कागदांवर अक्काचं अक्षर

अक्काचं कार्ड आलं, "रविवारी आमच्या खान्देशी मंडळात तुझं भाषण ठेवलंय, ये." म्हणून १९९७च्या डिसेंबरात मी सुरतला निघालो. दाजी माझ्या भाचीला, सुमीला, दहावीनंतर घरी बसवणार होते. अक्काला वाटलं, मेहुणा मास्तर आहे, त्याचं तरी ऐकतील. मीही विषय तसाच निवडला: दोनशे वर्षांपूर्वीची एक फ्रेंच गणिती बाई.

अमळनेरहून सुरत पॅसेंजर बरी. तिकीट तेव्हा पन्नासच्या आत होतं, नंदुरबारला गरम भजी मिळायची, आणि सुरतेच्या अलीकडच्या उधन्यापर्यंत पाठीचा पार भुगा व्हायचा. स्टेशनवरून कतारगामला रिक्षा केली.

अक्काची खोली लूमच्या कारखान्याला लागून. ती घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. खडखडाटाने ताटलीतल्या टिकल्या सरकत सरकत रांगा धरत होत्या.

"बघ, रोज अशाच जमतात. का रे जमत असतील?" अक्का म्हणाली.

मी चाटच पडलो! थरथरत्या पत्र्यावरची वाळू नक्षी का धरते, याचंच गणित त्या बाईंनी मांडायला घेतलं होतं. मी ते फक्त वाचून आलो होतो.

मंडळाच्या हॉलमध्ये मी रंगात आलो. घरच्यांनी दिवा काढून घेतला तरी ती शिकली. कॉलेजात बायकांना बंदी, म्हणून पुरुषाच्या नावाने उत्तरं पाठवली. टाळ्या पडल्या. मग दाजी उठले. "आमच्या मास्तरांनी शाळेत असताना जिल्ह्याचं गणिताचं पदक मारलंय! फ्रान्सचं सोडा, आपल्याकडे असलं डोकं पुरुषालाच." सगळे हसले. अक्का मागे बायकांत बसली होती, सुमी तिच्या शेजारी. आणि मी? मीही हसलो. सांगायला लाज वाटते, पण हसलो.

कारण ती गणितं अक्काने सोडवली होती. सातवीतून तिची शाळा सोडवलेली, म्हणून शाळकरी मुलांसाठी पोस्टाने चालणाऱ्या त्या स्पर्धेला तिने माझं नाव घातलं. पदकाच्या जोरावर मी जळगावला शिकायला गेलो आणि ती सुरतला नांदायला.

जेवताना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढत अक्काने विचारलं, "मंग भाऊ, तिन्हं खरं नाव कोनी सांगं?"

"तिनेच सांगितलं," मी म्हणालो.

"हां," म्हणून तिने ठेचा वाढला.

सकाळी दाजींनी लोचो खायला नेलं. हरभऱ्याच्या डाळीचा, मऊ, वाफाळता, वर तेल आणि शेव. सुरतेत गेलात तर चुकवू नका. तिथे उभ्या उभ्या मी सगळं सांगून टाकलं. दाजी खो खो हसले. "पाव्हणं, बहिणीसाठी किती खोटं बोलाल!"

पदकाचं खोटं इतकी वर्षं मीच तर जपलं होतं.

अमळनेरला घरी आल्याबरोबर पेटीतून स्पर्धेचे तपासून परत आलेले कागद काढले. अक्षर अक्काचं. वरचं माझं नावसुद्धा तिच्याच हातचं. दुसऱ्या दिवशी ते दाजींच्या नावे रजिस्टरने पाठवले आणि पदक कपाटातून काढून पेटीत टाकलं.

जूनमध्ये अक्काचं कार्ड आलं. "कागद पाहून हे आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. आता सुमीचं नाव सायन्सला घातलंय. तिसऱ्या गणितात माझी एक पायरी चुकली होती रे. तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटली असेल. पण तू एवढी वर्षं शिकवतोस, तुला कशी दिसली नाही?"

दिसणार कशी, अक्का? मी ती गणितं कधी वाचलीच नव्हती. नुसतं पदक पुसत होतो.