भांडून नाही, जळून झालेला रस्ता

नालीतला गाळ आणि गल्लीतले किस्से, दोन्ही आपोआप साचतात. गाळ निदान पोळ्याच्या आधी कुणीतरी उपसतं. किस्से तसेच राहतात आणि चार जुने शेजारी एकत्र बसले की वर येतात. परभणीच्या आमच्या गल्लीत रस्ता आणि गटार झालं, त्या वर्षा-दीड वर्षात तर एवढे साचले की विचारू नका!

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. अख्ख्या गल्लीत टीव्ही एक आणि स्कूटर एक. दोन्ही बाबारावांची. बाबाराव म्हणजे कापड दुकानदार. त्यामुळे जळायचं कुणावर, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही.

*

खरं तर उघड्या नालीचा, चिखलाचा आम्हाला काही त्रास नव्हता. मागच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि त्या दिवसापासून त्रास सुरू झाला!

माझी बायको सुमन भाजी आणायला मुद्दाम मागच्या गल्लीतून जाऊन आली. मी विचारलं, "कसा हाय रस्ता?"

"काय न्हाई. उन्हात पाय भाजायलेत नुसते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडूनच गेली. तिसऱ्या दिवशी भाजी आणायची नव्हती, तरी गेली!

*

मग आम्हीही रस्ता आणि गटार मागितलं. नगरपालिकेचं म्हणणं पडलं, "निम्मा खर्च आमचा, निम्मा गल्लीचा." मारुतीच्या पारावर बैठक बसली. आता निम्म्याची वाटणी कशी करायची?

बाबारावांचं घर सगळ्यात रुंद. ते म्हणाले, "घरटी सारखे काढा."

कुलकर्णी काका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, घरात नवरा-बायको दोघंच. ते म्हणाले, "छे, छे! ज्याच्या घरात माणसं जास्त, त्याचं सांडपाणी जास्त. माणशी काढा."

नागोरावांची शेती ताडकळसला, पण पोरांच्या शाळेपायी बिऱ्हाड परभणीत. घरात दहा-अकरा माणसं. ते उसळलेच. "मंग घराच्या रुंदीवर काढा की! आन् बाबारावाकडं टीव्ही बघायला सारी गल्ली येती, ती कुनाच्या हिशेबात धरायची?"

बाबाराव म्हणाले, "टीव्ही बघून कुनी सांडपानी करतं का?"

"कसं करतील! कदी कपभर च्या तरी पाजला का तुमी?"

बैठक तिथंच मोडली.

*

असं भांडण काही महिने चाललं. मग एक दिवस बाबाराव पारावर येऊन म्हणाले, "जाऊ द्या. माझे डबल धरा. पर वर्गणीदारांच्या नावाचा दगड बसवा, त्याच्यावर पहिलं नाव माझं पायजे."

आभार मानावेत की नाही? कुणी मानले नाहीत! उलट त्या दिवशी गल्लीत कुणाला जेवण गेलं नाही. "कापड मोजताना माप मारलं, त्यातलेच हे पैसे," असा निकाल कुलकर्णी काकांनी दिला. सुमन मला म्हणाली, "दगडावर आपलंबी नाव पायजे. माझी बांगडी मोडा, पर पायजे!"

हप्त्याभरात सगळी वर्गणी गोळा. घरटी, माणशी, रुंदी, कुणी काही विचारलं नाही. भांडून जे जमलं नाही, ते जळून जमलं!

दगड मात्र बसलाच नाही. एवढी नावं मावतील असा दगडच मिळेना.

*

मग खोदकाम कुठून सुरू करायचं? प्रत्येकाचं एकच म्हणणं, माझ्या दारापासून. नगरपालिकेचे ओव्हरसिअर म्हणाले, "गटाराचं काम उताराच्या टोकापासून सुरू होत असतं."

उताराच्या टोकाला घर कुणाचं? नागोरावांचं! ज्यांनी वर्गणी सगळ्यात शेवटी दिली, त्यांचं!

नागोरावांनी दारासमोर बाज टाकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका सुरू केल्या. "या ना, बसा घडीभर. आमच्याकडं काम चालू हाय!"

कुलकर्णी काकूंनी धाडकन दार लावून घेतलं. "लय धूळ यायलीय बाई," म्हणाल्या.

काकूंचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला!

*

गटाराचं चेंबर आपल्या दारात नको, यावर मात्र गल्लीचं एकमत होतं. वास मारेल, झुरळं होतील. ते आलं नेमकं कुलकर्णी काकांच्या दारात. आम्ही सगळे मनातून खूश!

मग एका संध्याकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून पारावर आले. "ओव्हरसिअर साहेब म्हणत होते, ते मेन चेंबर आहे म्हणे. अख्ख्या गल्लीचं कंट्रोल आमच्या दारातून!"

दुसऱ्या दिवशी बाबारावांनी ओव्हरसिअरला गाठलं. "साहेब, आमच्या दारातबी एक टाका ना. त्यांच्यापेक्षा थोडं मोठंच टाका!"

हे मला कसं कळलं? मीही तेच सांगायला गेलो होतो!

*

शेवटी रस्ता झाला. पंधरवडाभर त्याच्यावर तरटं टाकून पाणी मारणं चाललं होतं. त्या रस्त्यावरून पहिल्यांदा कोण जाणार, याची चढाओढ लागली. बाबारावांनी स्कूटर धुऊनपुसून ठेवली. नागोरावांनी ताडकळसहून बैलगाडी मागवली. कुलकर्णी काकांनी पंचांग काढून सोमवारचा मुहूर्त सांगितला. मुहूर्त सांगणारा पुढं चालणार, हे ओघानं आलंच!

सोमवारी सकाळी काकांच्या समोरच्या घरातले आबासाहेब वारले.

आबासाहेब आणि काका निजामाच्या काळापासून एकाच कचेरीत. बढती आबासाहेबांना आधी मिळाली. घर त्यांचं आधी बांधून झालं. नातूही त्यांनाच आधी झाला. काकांनी जन्मभर त्यांना नावं ठेवली आणि जन्मभर रोज संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसले.

तरटं काढली. बाबारावांनी मुकाट्यानं स्कूटर आत घेतली. त्या नव्याकोऱ्या रस्त्यावरून तिरडी निघाली. पुढच्या बाजूला खांद्याला काका. मी म्हणालो, "काका, दमलात. द्या माझ्याकडं." त्यांनी मानेनंच नको म्हटलं. गल्लीच्या तोंडापर्यंत खांदा बदलला नाही.

तिथं तिरडी विसाव्याला टेकवली. काकांनी टोपी काढली. मागं वळून साऱ्या रस्त्यावर एकदा नजर फिरवली. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि खाली वाकून म्हणाले,

"आबासाहेब, इथंही आधी तुम्हीच का हो!"