झालंरावांचा राहिलेला फोटो

आमच्या गल्लीतल्या फोटोवाल्याला सगळे झालंराव म्हणतात. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते आता फक्त लाइट बिलावर उरलंय.

साठी उलटल्यावर या गृहस्थाच्या डोक्यात खूळ शिरलं, गल्लीतल्या माणसांचे रोजच्या कामातले फोटो काढायचे. पण कॅमेरा दिसला की आमची माणसं पोट आत घेतात आणि मुलीसाठी स्थळ बघायला आल्यासारखा चेहरा करतात. त्यावर यांनी युक्ती काढली. आधी एक ताठ फोटो काढायचा आणि म्हणायचं, "झालं!" समोरचा हुश्श करतो, पोट सुटतं, की लगेच दुसरी कळ दाबायची. न्हाव्याची जांभई, शिंपीणबाईंनी नवऱ्यावर वटारलेले डोळे, सगळं असंच सापडलं. चिडले सगळेच, पण आपली प्रत मागून न्यायला कुणी विसरलं नाही.

सापडेनात त्या फक्त वहिनी. लग्न झाल्यापासून स्टुडिओच्या काउंटरवर पासपोर्टचे फोटो कापत बसलेली बाई. नवऱ्याची युक्ती तिला पाठ. शिवाय हसू आलं की तोंडावर हात! आणि झालंरावांना नेमकं तेच हसू हवं होतं. उद्या चौकात प्रदर्शन. सगळी गल्ली दोरीला चिमट्यांनी टांगली जाणार, घरची बाई सोडून.

"अगं, मी फोटोवाला आहे हे एकदा तरी विसर ना!"

"मी विसरले असते तर दुकान चाललं असतं होय? द्या तो कॅमेरा इकडे. बसा स्टुलावर."

झालंराव बसले. पोट आत, मान ताठ, अगदी गल्लीतल्यांसारखेच.

"झालं," वहिनी म्हणाल्या.

यांनी हुश्श केलं आणि खट्! वहिनींनी फोटो पाहिला मात्र, अशा खळखळून हसल्या की बाहेर न्हाव्याचा वस्तरा थांबला. तोंडावर हात कुठला घेणार, दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले. झालंराव बघतच राहिले. आयुष्यभर हवं होतं ते समोर, आणि कॅमेरा तिच्याकडे! हसता हसता वहिनींच्या बोटाने कळ पुन्हा एकदा दाबली.

तो शेवटचा फोटो झालंरावांनी स्वतःच दोरीच्या मधोमध लावला. फोटोत ते एकटेच. तोंड उघडं, डोळे विरघळलेले.

शिंपीणबाईंनी तो बराच वेळ न्याहाळला आणि वहिनींना कोपराने ढोसलं.

"काय गं, तुझा फोटो छान आलाय हं!"