बसा की गाडीवर!

आमच्याकडं रस्त्यानं ओळखीचा माणूस पायी चालताना दिसला आणि त्याला गाडीवर न घेता तुम्ही पुढं गेलात, तर तुमचं काही खरं नाही. गाडी घेतली म्हणून माजला का, ओळख विसरला का, असं गावभर होतं. त्यामुळं भोकरदन तालुक्यातल्या आमच्या भागात कुणी कुणाला चालूच देत नाही. ही माणुसकी आहे, हे मला मान्य आहे. पण याच माणुसकीपायी माझा नवरा हातचा जाता जाता राहिला, आणि तो राग अजून माझ्या पोटात आहे.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमची मोसंबीची बाग ऐन भरात होती. विहिरीला पाणी होतं, मुलं शाळेत जात होती. आणि हे मात्र बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले. आधी झोप गेली, मग जेवण, मग बोलणं. उरली फक्त बिडी. एक विझली की दुसरी. बाजेखाली थोटकांचा सडा पडायचा, मी झाडून काढायचे आणि दुपारपर्यंत पुन्हा तेवढाच. एकदा बागेतून आले आणि म्हणाले, "विहीर लई शांत वाटली आज." माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. त्या दिवसापासून ते बागेकडं निघाले की काहीतरी काम काढून मी मागं जायचे.

घरी येईल तो उपदेश करायचा. "काय कमी हाय तुला? बिडी सोड, जरा हातपाय हलव." आणि हे सांगता सांगता खिशातलं बंडल काढून यांच्यापुढं धरायचा, कारण समोर माणूस बसलेला असताना एकट्यानं बिडी ओढणं बरं दिसत नाही! माझ्या डोक्यात तिडीक जायची. ज्याला उठून तोंड धुवायचं बळ नाही, त्याला हे लोक आळशी म्हणत होते. यांच्यातल्या कुणाचा बैल असा बसून राहिला असता, तर सगळी आळी गोळा झाली असती.

शेवटी जालन्याला गेलो. गावात पोटाचं दुखणं सांगितलं. मनाचा डॉक्टर म्हटलं असतं, तर मुलीच्या लग्नापर्यंत लोकांनी ते उगाळलं असतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि शेजारच्या खोलीत एका बाईंकडं पाठवलं. पेशंटशी बोलायचं आणि त्याच्या सवयी हळूहळू बदलायच्या, हेच त्यांचं काम. मला वाटलं, झालं, आणखी एक उपदेश. पण बाईंनी बिडीला नावच ठेवलं नाही. विचारलं, "पेटवायच्या आधी मनात काय असतं?"

हे म्हणाले, "काहीच नसतं. म्हणून तर पेटवतो."

सगळ्यात जास्त बिड्या दिवस कलताना होतात, हेही बाईंनी त्यांच्याकडूनच काढून घेतलं. मग त्याच वेळेला चालायला जायचं. बंडल घरी ठेवून, विहिरीच्या उलट दिशेला. विहिरीचं मी बाईंच्या कानावर घातलंच होतं. परत आल्यावर हवी वाटली तर ओढा म्हणाल्या, आणि जमलं नाही तर तेही येऊन सांगा, मी रागावणार नाही. किती तरी महिन्यांनी कुणीतरी यांच्याशी नीट बोललं होतं.

उलट दिशेला म्हणजे पिंपळगाव रेणुकाईचा, देवीच्या देवळाचा रस्ता. पहिल्या दिवशी यांना दारापर्यंत आणण्यातच माझा घाम निघाला. निघाले एकदाचे. चुलीवरचा चहा उकळायच्या आत फटफटीचा आवाज आला. मागच्या सीटवर हे! पुढं यांचे धाकटे चुलतभाऊ, जग जिंकल्यासारखा चेहरा करून.

"वहिनी, दादा एकलेच चालून राह्यले होते. म्या म्हणलं, बसा की गाडीवर, जल्दी घरी सोडतो."

वाटेत थांबून दोघांनी बिडीही ओढली होती. दुसऱ्या दिवशी दुधाची जीप आली, तिसऱ्या दिवशी बैलगाडी. नाही म्हणायचं बळ यांच्यात असतं, तर दवाखाना कशाला लागला असता? मी दिरांना सांगितलं, भाऊजी, त्यांना मुद्दाम चालायला लावलंय. ते हसले. "काम न्हाई, धाम न्हाई, मंग उगंच चालायचं? लोक येडं म्हणतील दादाला."

लोकांनी वेडं म्हणू नये म्हणून ते माझ्या माणसाला रोज बाजेवर आणून टाकत होते! यांनी मग चालणंच सोडलं. पुन्हा ती भिंत, पुन्हा तो धूर. एका दुपारी उठले आणि कुणाशी न बोलता विहिरीच्या वाटेला लागले. त्या दिवशी मी कसलं काम काढलं नाही. पळत गेले, हात धरला आणि म्हटलं, "चला, मला देवीला जायचंय." ते आले. रस्त्यात त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. दोन्ही चपला त्यांनी लिंबाखाली ठेवल्या आणि तसेच चालू लागले.

थोड्या वेळानं मागून तीच फटफटी आली. दिरांची नजर यांच्या पायांवर गेली. गाडी बंद झाली. सवयीनं बाहेर निघालेलं बंडल पुन्हा खिशात गेलं आणि दोन्ही हात कपाळाला लागले.

"नवस हाय का वहिनी? मंग बिलकुल न्हाई आडवत."

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

त्या दिवसापासून हे रोज अनवाणी निघायचे आणि थोडं अंतर ठेवून मी मागं. जीप हळू व्हायची, पाय बघून पुढं जायची. बिडी कुणी पुढं करत नव्हतं. बायका तांब्याभर पाणी घेऊन बाहेर यायच्या. देवीसाठी चाललं तर पाया पडतात, आणि स्वतःच्या जिवासाठी चाललं तर वेडा! संध्याकाळी सुईनं यांच्या टाचेतले बाभळीचे काटे काढताना मी आख्ख्या गावाला शिव्या द्यायचे. हे गोळ्या वेळेवर घेत होते. बिडी सुटली नव्हती, पण बाजेखालचं झाडणं कमी झालं होतं. एकदा माझ्या शिव्या ऐकून हसलेसुद्धा.

मग एका संध्याकाळी त्यांनी तालुक्याहून आणलेल्या नव्या चपला पायात घातल्या. अंगणातून बाहेर पडतात तोच फटफटी.

"दादा, नवस फिटला वाटतं! बसा की गाडीवर."

हे थांबले. "नवस नव्हताच. माहं मन बिमार हाय. दवाखान्यातून चालायला सांगितलंय, बिडी कमी करायला सांगितलंय. न्हाई बसत मी."

दिरांचा चेहरा उतरला. "मंग आधी न्हाई का सांगायचं दादा!"

मी दारातून बाहेर आले. "सांगितलं होतं, भाऊजी. मी सांगितलं होतं. तुम्ही हसला होता."

ते खाली बघत गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिले. हे तोवर देवीच्या रस्त्याला लागले होते. नव्या चपलांचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. त्या दिवशी मी यांच्या मागं गेले नाही.