दाराकडं पाठ

सन बावन. मी बाविशीचा, मालकाच्या घरी सालगडी. पोळ्याला मालकाची जोडी तोरणाखालून पहिली जायची. कासरा माझ्या हातात. जोडी तोरणाखाली आली की मालक बंदुकीचा बार काढायचा.

बार झाला अन् मी बैलांच्या पायात पडलो. धोतर ओलं झालं. आधल्या साली बी असंच झालं हुतं. म्हणून औंदा लोक बैल न्हाई, मला बघायला जमले हुते.

मालक हसून म्हनला, "ह्याच्यापरीस बैल बरे, उभे तरी हायत. काढू का रे आनखी एक?"

काढला.

हाच मालक. चार सालांमागं निजामाचे रझाकार आले तवा धान्याच्या बळदात लपला. आमा दोघा भावांला म्हनला, "घराचं दार सोडू नका." न्हाई सोडलं. थोरल्याला गोळी लागली, तो माझ्या अंगावर पडला. रझाकारांनी राकेल ओतून गोठा पेटवला. बळदातून मालकानं समदं ऐकलं. पुढं रझाकारांला तोंड दिलं म्हनून गावानं हार घातले ते मालकाला.

दुसऱ्या बाराला मी रांगत गाडीखाली शिरलो. तिथं चांदभाई हुता, बैलाला नाल ठोकणारा. डोस्क्यावर हात धरून, अंग चोरून बसलेला. हिंदुस्थानची मिलिट्री आल्यावर रझाकारांचा राग काढायला त्याच्या अब्बाला आमच्याच गावच्यांनी मारलं हुतं. त्याच्याकडं कुणाचं ध्यान न्हाई. समदे मला हसायलेत.

तो हळूच म्हनला, "दाराकडं पाठ करून जेवता येतंय तुला?"

"न्हाई."

"राकेलचा वास?"

"उलटी हुतीय. झोपंत बी तेच दिसतंय."

"मेरेकू भी. उगंच राग येतो, लेकरावर हात उठतो."

मला वाटायचं, भूत लागलंय. मालकानंच भगताकडून लिंबाच्या फोकानं झोडून घेतलं हुतं मला.

"भूत न्हाई रे," चांदभाई म्हनला. "जे झालं ते अंगातून गेलंच न्हाई. तू भित्रा असतास तर दारात कशाला थांबला असतास?"

सकाळी मालक ओट्यावर चार माणसांत बसला हुता. मी कासरा उंबऱ्यावर ठेवला.

"मालक, बार ऐकून मी पडतो, कारण त्या दिवशी दारात मी हुतो. तुमी बळदात हुता. आज गावाला सांगा, न्हाईतर मी सांगतो."

तो पानाला चुना लावायला लागला. मग मीच सांगितलं, समदं, त्या चौघांसमोर.

अन् त्याच्या दाराकडं पाठ करून निघालो. घामानं सदरा भिजला. पन वळून बघितलं न्हाई.