सामान वर, माणसं आत

आमच्या दुकानात किस्से साठतात त्याचं कारण अगदी साधं आहे. गाडीच्या टपावर बॅग नीट बांधायची तर अर्धा तास जातो, आणि तेवढा वेळ गाडीतल्या माणसांना काही काम नसतं. चहा पिऊन होतो, मोबाईल बघून होतो, मग ती बोलायला लागतात. आम्ही बेल्ट ओढत असतो, तोंडात बकल धरलेलं असतं, मध्ये बोलता येत नाही. नुसतं ऐकायचं. अशी बावीस वर्षं ऐकतोय.

दुकान राहुरीजवळ, नगर-मनमाड रस्त्याला. वडील ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. मी कारच्या टपावरच्या बॅगा सुरू केल्या. जाड, पाणी न शिरणारं कापड, कडेला चेन, चार बाजूंनी बेल्ट. रिकामी केली की उशीएवढी घडी होते आणि डिकीत बसते. शिवणारे रशीदचाचा, वडिलांच्या वेळेपासूनचे, आता सत्तरीला आलेत. कापड कापतात मंगलताई. मी मापं घेतो, टपावर चढतो आणि गिऱ्हाइकांशी बोलतो. एवढेच आम्ही.

*

नवीन बॅग गळते का, हे बघायची आमची पद्धत म्हणजे चाचा स्वतः आत बसतात. बॅग जमिनीवर ठेवायची, चाचा टॉर्च घेऊन आत, मंगलताई बाहेरून चेन लावतात आणि पाइपने पाणी सोडतात. कुठे थेंब आला की चाचा आतून सांगतात.

एकदा हे चाललेलं असताना एक कार येऊन थांबली. नवरा-बायको आणि त्यांची मुलगी. मुलीला पुण्याला होस्टेलवर सोडायला निघाले होते. गादी, बादली, पुस्तकांची खोकी, सगळं मागच्या सीटवर तिच्या अंगावर आलेलं. बाई उतरल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. त्या बॅगेजवळ उभ्या राहिल्या आणि बॅग बोलली, "मंगल, डाव्या कोपऱ्यात गळतंय गं."

बाई दचकून मागे सरकल्या. मग चेन उघडली, चाचा टॉर्चसकट बाहेर आले, आणि बाई हसायला लागल्या. मुलगीही हसली. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून हसत होत्या, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते आम्हाला कळलंच नाही.

मी काहीतरी बोलायला पुढे झालो, तर त्या गृहस्थांनी हात धरला. मला म्हणाले, "राहू द्या. कालपासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या."

*

श्रीगोंद्याकडचं एक कुटुंब वडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकला चाललं होतं. मुलगा गाडी चालवत होता. शेजारी त्याचा मेहुणा, मागे आई, सून आणि दोन नातवंडं. आमचा बोर्ड बघून आईंनी गाडी थांबवायला लावली होती.

"हे सामान वर घाला," त्या मला म्हणाल्या. "पोरांनी त्यांना डिकीत ठेवलंय. बॅगांच्या खाली."

"खाली न्हाई गं आई, बाजूला ठेवलंय," मुलगा म्हणाला.

"बाजूला म्हंजी डिकीतच ना."

आम्ही डिकी रिकामी केली. कपड्यांच्या बॅगा, पूजेचं सामान, पाण्याचा कॅन, सगळं टपावर चढवलं. तळाशी टोपलीत, पांढऱ्या फडक्यात बांधलेला कलश होता. आईंनी तो स्वतः उचलला आणि मेहुण्याला मागे बसायला सांगितलं. "त्यांना पुढं बसायची सवय हाय."

टोपली पुढच्या सीटवर ठेवली. मग त्या म्हणाल्या, "पट्टा लावा. रोज सांगायचे मी, कधी लावला न्हाई."

मुलाने पट्टा ओढला, पण त्याला तो अडकवता येईना. चाचा टपाचा शेवटचा बेल्ट सोडून पुढे आले आणि त्यांनी टोपलीच्या कडेने पट्टा घेऊन अडकवला. सवयीने विचारलं, "अजून आवळू का?"

"नगं," आई म्हणाल्या. "पोटाचं आप्रेशन झालंय त्यांचं."

*

शिर्डीला जाणाऱ्या दोन गाड्या होत्या. लांबची माणसं, बारा-तेरा जण. पुढच्या गाडीच्या टपावरची बॅग वाऱ्याने फडफडत होती म्हणून थांबले. आम्ही बेल्ट बदलले, गाड्या गेल्या. पाच मिनिटांनी दुकानाच्या मागून एक म्हातारे गृहस्थ रुमालाला हात पुसत आले आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले.

या गाडीतल्यांना वाटलं ते त्या गाडीत आहेत, त्या गाडीतल्यांना वाटलं या गाडीत.

मी मोबाईल नंबर विचारला. त्यांना एकही पाठ नव्हता. "पोराच्या मोबाईलमध्ये समदे हायेत," म्हणाले. मंगलताईंनी डब्यातली भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. त्यांनी सावकाश खाल्ली, चव चांगली आहे म्हणाले, आणि मग कापडाचे तुकडे घडी करून रचत बसले. रिकामं बसवत नाही म्हणाले. मी विचारलं, "आजोबा, दर्शनाला पहिल्यांदाच चाललाय का?"

"बायकोला आणायचं हुतं. ऱ्हाऊन गेलं. म्हनून आता मला आणलंय."

दोन तासांनी एक गाडी परत आली. मुलगा धावत उतरला. घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस बोलतो तसाच बोलला, "बाबा, सांगून जायचं ना. शिर्डीत उतरल्यावर कळलं आमाला."

म्हातारे उठले. मुलाच्या दंडाला धरून गाडीकडे निघाले. वाटेत माझ्याजवळ थांबून अगदी हळू, मुलाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "बॅग पडली असती, तर अर्ध्या वाटेतूनच परत फिरले असते."

*

चाचांना आपली बॅग लांबून ओळखू येते. कोपऱ्यावर ते दुहेरी शिवण घालतात, तशी दुसरं कोणी घालत नाही.

नगरच्या पुढच्या एका गावातले गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी बॅग घेऊन गेले होते. मुलगी येवल्याच्या बाजूला दिली होती. लग्नानंतर सामान घेऊन तिला पोचवायला निघाले तेव्हा आवर्जून थांबले. मुलगी हातभर चुड्यात, नवऱ्याशी फोनवर बोलत होती. बापाने आम्हाला पेढे दिले. "लई पाऊस हाय म्हनतात तिकडं," ते म्हणाले, "साड्या भिजायला नगं." चाचांनी त्या बॅगेच्या चेनवर एक जास्तीची पट्टी शिवून दिली होती.

आठ महिन्यांनी तीच गाडी उलट्या बाजूने आली. तीच बॅग, तशीच भरलेली. एका बाजूचा बेल्ट सुटून लोंबत होता. चाचांनी मशीन थांबवलं आणि उठून बाहेर गेले.

बाप उतरला. "जरा घट्ट करून द्या," एवढंच म्हणाला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाठमोरा उभा राहिला. मुलगी मागच्या सीटवर होती. मनगटाला प्लास्टर.

चाचांनी बेल्ट लावला, चारी कोपरे तपासले, पट्टीवरून हात फिरवला. गाडी निघताना मुलीने काच खाली केली.

"चाचा," ती म्हणाली, "तुमच्या बॅगेत पाणी न्हाई गेलं. समदं कोरडं हाय."

*

मंगलताईंनी शेकडो बॅगा कापल्या असतील, पण टपावर बॅग असलेल्या गाडीत त्या कधी बसल्या नव्हत्या. एकदा बोलता बोलता तसं म्हणून गेल्या. मी म्हटलं, चला, तुमच्या आईकडे जाऊन येऊ. त्यांची आई शेवगावजवळ एका खेड्यात एकटीच राहते. रविवारी माझी गाडी काढली. चाचाही आले. टपावर नवी कोरी बॅग बांधली, पण रिकामी बॅग वाऱ्याने चपटी होते, म्हणून तिच्यात दुकानातल्या कापडाच्या चिंध्या ठासून भरल्या. मंगलताई वाटभर काचेतून डोकं बाहेर काढून बॅगेकडे बघत होत्या.

गाडी दारात थांबली. आई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. त्यांनी आधी मंगलताईंकडे बघितलं, मग वर बॅगेकडे. सूप बाजूला ठेवलं आणि लगबगीने आत गेल्या.

आम्ही आत गेलो तर त्या खोलीच्या कोपऱ्यातली पोती ओढून जागा करत होत्या. मंगलताईंनी त्यांचे हात धरले. "अगं आई, काय करतीस?"

"तुझं सामान ठिवाया नगं का? किती दिस हायेस?"

घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, दोन मुलींच्या शाळा. "संध्याकाळी जायचंय," त्या म्हणाल्या.

"मंग येवढं सामान?"

"सामान न्हाई गं. नुसत्या चिंध्या हायेत."

आईंनी पोतं तिथेच सोडलं. आमच्यासाठी चहा केला, शेंगा भाजल्या, गावातल्या कोणाकोणाची खबरबात सांगितली. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या.

"मंगल, चिंध्या तरी ठिवून जा," म्हणाल्या. "गोधडी शिवीन."

आम्ही सगळी बॅग तिथे रिकामी केली. येताना टपावर बॅग नव्हती. राहुरी येईपर्यंत चाचांनी गाडीतला रेडिओ लावू दिला नाही.

*

देवळाली प्रवऱ्याहून एक बाई आल्या. मालाच्या रिक्षातून बॅग घेऊन आल्या होत्या. बॅग आमचीच, चारेक वर्षांपूर्वीची, आणि गच्च भरलेली. साठीच्या असतील. पांढरी साडी, हातात घड्याळ. नवरा साखर कारखान्यात क्लार्क होता, असं बोलण्यातून कळलं.

"एका कडंची शिवण उसवलीय," त्या म्हणाल्या. "उंदरानं केलं. चेनपण सुटत चाललीय. ती नीट करून द्या. पन उघडायची न्हाई."

मी म्हटलं, "ताई, सामान काढल्याशिवाय मशीनवर कशी घेणार?"

"काढायचं न्हाई." मग त्या खुर्चीवर बसल्या आणि पाणी प्यायल्या. "आमी सांचीला निघालो हुतो. रिटायर झाल्यावर पैल्यांदा तिथंच जायचं, असं त्यांनी ठरवलं हुतं. आदल्या दिवशी त्यांनी स्वताच्या हातानं बॅग भरली. मला हात लावू दिला न्हाई. म्हनले, तू फक्त गाडीत बस. सकाळी गाडी काढायला गेले आनि दारातच बसले. दवाखान्यात न्यायलापन वेळ मिळाला न्हाई." पेला खाली ठेवून म्हणाल्या, "गाडी पोरानं इकली. बॅग मी तशीच उतरवून घेतली. त्यांनी काय काय भरलं, मी बघितलं न्हाई. दुसऱ्या कोनी बघू नये."

मी चाचांकडे बघितलं. मंगलताईंनी कात्री खाली ठेवली.

चाचा उठले. हाताने शिवायचं म्हटलं तरी एक हात आत घालावा लागतो. बाहेरून दाभण टोचायचं आणि आतल्या हाताने ते ओढून घ्यायचं. आणि शिवण उसवलेल्या जागेतून आतलं दिसत होतं.

चाचा बाईंसमोर गेले, डोळ्यावरचा जाड भिंगांचा चष्मा काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"हा तुमी धरा," ते म्हणाले. "ह्याच्याबिगर मला माझाच हात दिसत न्हाई."

बाईंनी चष्मा दोन्ही हातांत धरला. चाचा जमिनीवर बसले, उसवलेल्या जागेतून डावा हात कोपरापर्यंत आत घातला आणि उजव्या हाताने दाभण चालवायला लागले. मंगलताईंनी दोरा ओवून द्यायचा, तेवढंच, तेही तोंड फिरवून. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. एक गाडी आली, तिला उद्या या म्हणून सांगितलं. तासाभराने आत आलो तेव्हा चाचा चेनचा रनर बसवत होते. दोन बोटांतून रक्त येत होतं. शिवण मात्र सरळ होती, दुहेरी.

चाचांनी हात पुसले आणि पुढे केले. बाईंनी तेवढ्या वेळात चष्मा पदराने पुसून लख्ख केला होता. तो देता देता त्यांनी विचारलं, "काय काय लागलं हाताला?"

"शिवण," चाचा म्हणाले.

"अजून?"

"शिवणच लागली."

बाईंनी मान हलवली. बॅगेवर हात ठेवून बसल्या. रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. मी आणि मंगलताईंनी बॅग उचलली, तशा त्याही उठल्या, आणि चाचांकडे न बघता म्हणाल्या,

"शाल वरच ठिवली आसंल त्यांनी. मला गाडीत गार लागतं."

चाचांनी चष्मा अजून डोळ्याला लावला नव्हता.

"व्हय," ते म्हणाले. "वरच हाय."